निरीक्षण आधी, अनुमान नंतर
(१९९६ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स आणि आपली मुलं' असा विषय दिला होता. मी म्हटलं, त्यावर आपली मुलंच आपल्याला चार गोष्टी जास्त सांगतील. मला एका गॅरेजबद्दल बोलू द्या. ते गॅरेज कऱ्हाड-विटा रस्त्यावर आहे. तुमच्यापैकी निम्मे जण आज त्याच्यावरूनच आलात. त्याचा मालक आत्ता तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलाय. 'नाव घ्यायचं नाही' एवढ्या एकाच अटीवर त्यानं परवानगी दिली आहे, म्हणून मी त्याला नुसतं 'आपला मित्र' म्हणते. ओळखायचं ते तुम्ही ओळखालच.

आपण शाळेत होतो तेव्हा गावातल्या पोरांचं सगळं जग चार जपानी नावांवर चालायचं. होंडा, सुझुकी, यामाहा, कावासाकी. १९८० च्या दशकाच्या मध्यात या चारही कंपन्यांच्या १०० सीसीच्या गाड्या भारतीय भागीदारांबरोबर आपल्याकडे आल्या. त्यातली यामाहा आरएक्स १०० तुम्हाला आठवत असेल. आवाजावरून कळायचं, कोण आला ते. १९८५ साली आलेली ती गाडी १९९६ साली बंद झाली, म्हणजे आपण दहावी पास झालो त्याच वर्षी. त्याच वर्षी आपला मित्र शाळा सोडून मिस्त्रींच्या हाताखाली गेला आणि मी बारावी करून पुढे सांगलीला इंजिनिअरिंगला गेले.

आज मी पुण्यात गाड्यांच्या इंजिनाचं नियंत्रण करणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरसाठी सॉफ्टवेअर लिहिते. सोप्या भाषेत सांगायचं तर त्या कॉम्प्युटरच्या पोटात एक मोठा तक्ता असतो. इंजिनाचे फेरे इतके असले आणि भार इतका असला, तर पेट्रोल किती सोडायचं आणि ठिणगी किती आधी टाकायची, हे त्यात लिहिलेलं असतं. आम्ही त्याला 'मॅप' म्हणतो. 'ट्युनिंग' म्हणतात ते आजकाल बहुतेक या तक्त्यातले आकडे बदलणं असतं. आपला मित्र हेच काम कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवून, कान लावून करायचा. त्याला मी वीस वर्षं 'मेकॅनिक' म्हणत आले आणि स्वतःला 'इंजिनिअर'.

२०२३ च्या दिवाळीत त्याचा फोन आला. आपल्या खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत, हे तुम्हाला सांगायला नको. सोनं-चांदी गाळायला गेलेली आपली माणसं केरळात आहेत, तमिळनाडूत आहेत. त्यांतल्याच एका घरचा मुलगा कोइमतूरहून जुनी होंडा सिटी घेऊन आला होता, २००० नंतरची, व्हीटेक इंजिनवाली. कोइमतूर म्हणजे आपल्या देशातलं मोटार शर्यतींचं माहेरघर. त्या मुलानं तिथं गाड्या डायनोवर चढवून ट्यून करताना पाहिल्या होत्या. डायनो म्हणजे जमिनीत बसवलेले रूळ. गाडी त्यावर जागच्या जागी पळवायची आणि चाकाशी ताकद किती येते ते मोजायचं. त्यानं मित्राला ते व्हिडिओ दाखवले, आणि मित्राच्या डोक्यात घर झालं.

"अगं, नुसत्या जपानी गाड्यांचं दुकान टाकायचं," तो म्हणाला. "डायनोसकट. पुण्या-बेंगळुरात हाय तसलं. कोल्हापूर, सांगली, कऱ्हाड, सातारा, सगळ्यांच्या मधी पडतोय आपण. मागणी किती हाय तेवढं तू काढ. तू कॉम्प्युटरवाली हायस. बँकेत पाऊण एकर ठेवायची तयारी हाय माझी."

ती पाऊण एकर म्हणजे टेंभूचं पाणी आल्यावर पहिल्यांदा उसाखाली आलेली जमीन. त्याच्या वडिलांनी ती कोरडवाहू असताना सांभाळली होती.

त्यानं मला एक गोष्टही सांगितली आणि ती खरी आहे, मी नंतर पडताळली. जपानमधली ट्युनिंगची नामांकित कंपनी एचकेएस १९७३ साली सुरू झाली, ती फुजी पर्वताच्या पायथ्याशी एका दूधवाल्याच्या गोठ्यात. सुरू करणारे हिरोयुकी हासेगावा यामाहात इंजिनिअर होते. "त्यांनी गोठ्यात केलं," तो म्हणाला, "माझ्याकडं तर पत्र्याचं शेड हाय." ज्या भागात किर्लोस्करांनी १९१० साली माळावर कारखाना उभा केला, तिथल्या माणसाला 'हे जमणार नाही' असं तोंडावर सांगणं सोपं नसतं.

मी दोन रविवार बसून हिशोब केला. चार गोष्टी समोर आल्या.

पहिली, गाड्याच नाहीत. ट्युनिंगवाले ज्यांच्यावर जीव टाकतात त्या सुप्रा आणि स्कायलाइन भारतात कंपनीनं कधी विकल्याच नाहीत. तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी बाहेरून आणायला आपला आयात नियम साधारणपणे परवानगी देत नाही, म्हणजे १९९० च्या दशकातली गाडी आता यायची नाही. निस्सानची जीटी-आर २०१६ साली अधिकृतपणे आली, तिची किंमत जवळपास दोन कोटी. उरल्या इथंच बनलेल्या होंडा सिटी, मित्सुबिशी लान्सर, सुझुकीच्या एस्टीम, बलेनो, जिप्सी. त्याही कमी होत चाललेल्या.

दुसरी, कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला प्रत्येक बेकायदा फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. जपानमध्ये खासगी गाडीची पहिल्या तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी सक्तीची कडक तपासणी असते. मोठा बदल केला तर तो त्या तपासणीत दाखवून नोंदवायची वाट आहे. तिथला धंदा त्या वाटेवर उभा राहिला. आपल्याकडे सीएनजी किट किंवा दिव्यांगांसाठी केलेले बदल असे मोजके अपवाद सोडले, तर ती वाट जवळपास नाहीच.

तिसरी, पेट्रोल. जास्त ऑक्टेनचं इंधन नसेल तर ठिणगी आधी टाकून ताकद काढायला मर्यादा येते, इंजिन ठोकायला लागतं. चौथी, गिऱ्हाईक. ज्याच्याकडे अशा गाडीवर खर्च करायला पैसे आहेत, तो पुण्याला जाईल.

मी त्याला तीन पानांचा तक्ता पाठवला. खाली एका ओळीत लिहिलं, 'या भागात मागणी नाही. कर्ज काढू नये.' त्याचं उत्तर आलं, "बरं." त्यानंतर दीड वर्ष त्याचा फोन नाही. दिवाळीला शुभेच्छा पाठवल्या तर हात जोडलेलं चित्र आलं, बस्स.

माझं चुकलं असं मला वाटत नव्हतं. कर्ज काढू नको हे आजही मी तसंच सांगेन. चूक दुसरीकडे होती आणि ती मला गेल्या वर्षी, २०२५ च्या मोहरमला कळली.

ताबुतांच्या भेटी बघायला मी दरवर्षी येतेच. या वेळी आणखी एक काम होतं. वडील गेल्यापासून त्यांची मारुती ८०० गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी होती. १९९८ ची, कार्बोरेटरवाली. घरात आलेली ती पहिली चारचाकी. दिवाळीत चुलतभावानं टाकी भरून दोन चकरा मारल्या होत्या आणि पुन्हा ताडपत्री टाकली होती. ती भंगारात द्यायचं मी ठरवलं होतं. कशीबशी चालू केली, धक्के देत गॅरेजवर नेली. म्हटलं, किती येतील तेवढं सांग.

त्यानं बॉनेट उघडलं, वास घेतला आणि मला म्हणाला, "बंद कर आधी. लांब हो."

पेट्रोलची रबरी नळी फुगून मऊ झाली होती आणि जोडाजवळ पाझरत होती. खाली तापलेला सायलेन्सरचा पाइप. माझी दहा वर्षांची मुलगी मागच्या सीटवर बसलेली होती. मी घरापासून तशीच गाडी चालवत आणली होती. इंजिनावर वीस वर्षं काम करणाऱ्या मला तो वास आला नव्हता.

मुलीला बाहेर काढल्यावर त्यानं मला शेडच्या मागे नेलं. तिथं गाड्या उभ्या होत्या. दोन जुन्या सिटी, एक लान्सर, एक एस्टीम, जिप्सी, तीन-चार ८०० आणि आरएक्स १०० ची रांग. नंबर केरळचे, तमिळनाडूचे, कर्नाटकचे. गलाईवाल्यांच्या घरच्या. वर्षातून दिवाळीला आणि जत्रेला चालणाऱ्या, बाकी दहा महिने उभ्या.

त्यांचं दुखणं एकच होतं आणि ते आपल्याच शेतातून आलं होतं. उसाच्या मळीपासून इथेनॉल होतं, ते पेट्रोलमध्ये मिसळतं. २०२५ पर्यंत हे प्रमाण देशभर २० टक्क्यांवर गेलं. नव्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या आहेत. जुन्या गाड्यांची रबरं त्यासाठी नव्हती. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीत पाणी धरतं आणि गंज चढतो. शुद्ध पेट्रोल नीट जळायला वजनानं साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. म्हणजे त्याच हवेला इंधन जास्त सोडावं लागतं. होंडा सिटीत सायलेन्सरमधला सेन्सर हे ओळखून आपोआप थोडं सावरतो. कार्बोरेटरला सावरता येत नाही. त्याला जेटच बदलावा लागतो.

हे मी त्याला समजावून सांगायला लागले, तर तो म्हणाला, "व्हय, उपाशी चालतीया म्हनून तर गरम हुतीया." माझ्या तक्त्याचं एक अख्खं पान त्यानं त्या एका वाक्यात सांगितलं.

तेव्हा मला सामंत बाई नव्हे, आपल्या विज्ञानाच्या बाई आठवल्या, माफ करा बाई, तुम्ही समोर आहात आणि मी अजून घाबरते. तुम्ही प्रयोगवहीत 'निरीक्षण' आणि 'अनुमान' वेगळ्या रकान्यात लिहायला लावायच्या. निरीक्षणाच्या आधी अनुमान लिहिलं की पान फाडायच्या. मी 'मागणी नाही' हे अनुमान पुण्यात बसून लिहिलं होतं. एकदाही शेडच्या मागे जाऊन बघितलं नव्हतं.

मागणी होती. ताकद वाढवण्याची फारशी नव्हती. तिथं माझा हिशोब बरोबर होता. बापाची, आजोबांची, पहिल्या कमाईची गाडी पुन्हा मूळ चालीवर आणून देणारा भरवशाचा हात हवा होता. पुण्यात माणसं सुटे भाग बदलतात. इथं कुणीतरी गाडीचं ऐकून घेतं.

तीन दिवस राहणार होते ती आठ दिवस राहिले. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या मागवल्या, टाकी उतरवून धुतली. जेट त्यानं निवडला, मी धुराचे आकडे वाचले. पहिल्या दोन वेळा त्याचा कान बरोबर निघाला. तिसऱ्यांदा आकडा बरोबर निघाला आणि त्यानं मुकाट्यानं जेट बदलला. त्या संध्याकाळी दीड वर्षानंतर आम्ही बाकावर बसून चहा प्यालो. तो म्हणाला, "तवा तू न्हाई म्हनलीस ते बरं झालं. पर एकदा येऊन बघून न्हाई म्हनली असतीस, तर मला येवढं लागलं नसतं."

आज तिथं डायनो नाही आणि पाऊण एकर मोकळी आहे, कर्जाशिवाय. एक चांगला स्कॅनर आहे, धूर तपासायचं यंत्र आहे आणि प्रत्येक गाडीची एक वही आहे. त्यात दोन रकाने आहेत, ते कोणते हे सांगायची गरज नाही. फटाके वाजवणारा सायलेन्सर लावून मागणाऱ्या पोरांना तो परत पाठवतो. खोटं चित्र रंगवत नाही. त्याचं घर अजूनही बोलेरो आणि ट्रॅक्टरवरच चालतं. जुन्या जपानी गाड्यांचं काम दिवाळीच्या आगेमागे येतं. पण मिस्त्रींकडून शिकलेली विद्या आता त्याचा मुलगा शिकतोय, आणि तो आयटीआय करून परत आलाय.

शेवटी वर्गमित्रांना एक विनंती. तुमच्यापैकी ज्यांची गाडी गावाकडच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे, त्यांच्यासाठी. परत आल्यावर किल्ली फिरवायच्या आधी बॉनेट उघडा, वास घ्या. पोरांना बसवायच्या आधी घ्या.

आणि बाई, तीस वर्षांनी पान पुन्हा लिहून आणलंय. वडिलांची ८०० बाहेर उभी आहे. तपासून घ्या.