दोन नोकऱ्यांमधला काळ आणि बाजाराचे फाटक

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचे संक्षिप्त शब्दांकन)



चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा आहे, सिमेंट आहे, बल्लारपूरचा कागद आहे आणि २,९२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत जंगल आहे आणि आता सुरजागडचे लोहखनिजही बाहेर जाऊ लागले आहे. एवढ्या संपत्तीच्या प्रदेशात पदवी किंवा पदविका घेतलेल्या तरुणाच्या वाट्याला मात्र बहुधा कंत्राटी काम येते. एक कंत्राट संपते आणि दुसरे मिळेपर्यंत काही महिने हाताला काम नसते. या काळात घरच्या संगणकावर मोबाइलवरचे खेळ तयार करून विकण्याची वाट आज तरुणाला खुणावते. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘पोरगा दिवसभर खेळत बसतो.’ कार्यकर्त्यांनीही तसेच म्हणावे काय, हा आजचा प्रश्न आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की खेळणे वेगळे आणि खेळ घडविणे वेगळे. एका लहानशा खेळात चित्रकला, संगीत, गणित आणि आज्ञावली-लेखन यांचा मेळ घालावा लागतो. हे उत्पादक श्रम आहेत. गिरणी कामगाराला माग विकत घेणे कधीच शक्य नव्हते. या तरुणाचे अवजार मात्र त्याच्या टेबलावर असते. ‘गोडो’सारखी खेळनिर्मितीची प्रणाली तर विनामूल्य आणि सर्वांसाठी खुली आहे. यावरून कित्येक जण असा निष्कर्ष काढतात की येथे श्रमिक हाच मालक झाला आणि शोषणाचा प्रश्न मिटला. हा निष्कर्ष घाईचा आहे.

पहिला प्रश्न वेळेचा. अमेरिकेतील एरिक बरोन २०११ मध्ये संगणकशास्त्राचा पदवीधर झाला. नोकरी मिळेना, म्हणून हात बसावा या हेतूने त्याने एक खेळ लिहावयास घेतला. तो पूर्ण होण्यास चार वर्षांहून अधिक काळ लागला. ‘स्टार्ड्यू व्हॅली’ हा तो खेळ २०१६ मध्ये संगणकावर आणि पुढे मोबाइलवर आला व जगभर खपला. या यशाची कथा सर्वत्र सांगितली जाते. परंतु ती चार वर्षे घर कशावर चालले? सहचारिणीच्या मिळकतीवर आणि नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखविण्याच्या त्याच्या अर्धवेळ कामावर. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या संस्थेने ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवर आधारलेला खेळ रचला. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला; संस्थापकांनी पदरची पुंजी घातली आणि २०२० मध्ये खेळ बाजारात आला. तात्पर्य, ज्याला आपण स्वतंत्र निर्मिती म्हणतो तिचे भांडवल कुटुंब पुरविते. ज्या घरी आईची मजुरी किंवा वडिलांचे निवृत्तिवेतन नाही, त्या घरच्या तरुणाला हे स्वातंत्र्य परवडतच नाही.

महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला आणि मागेल त्याला काम हे तत्त्व देशाला दिले. ती हमी ग्रामीण भागातील अंगमेहनतीच्या कामाची होती. सुशिक्षित बेकार तिच्या कक्षेबाहेरच राहिला. राज्य कामगार विमा योजनेत २०१८ पासून नोकरी गेलेल्याला जास्तीत जास्त नव्वद दिवसांचा भत्ता मिळण्याची सोय आहे, पण त्यासाठी विम्याचे हप्ते भरलेले असावे लागतात. ज्या कंत्राटदाराने कामगाराचे नावच नोंदविले नाही, त्याच्या कामगाराने काय करावे?

दुसरा प्रश्न बाजाराचा. खेळ तयार झाला तरी तो खेळणाऱ्यापर्यंत पोचण्याचे रस्ते मुख्यतः दोन, ॲपल आणि गूगल यांच्या दुकानांतून जाणारे. २००८ मध्ये ही दुकाने उघडली आणि विक्रीवर तीस टक्के कमिशनची वहिवाट पडली. जगभर ओरड झाली, खटले चालले. २०२१ मध्ये लहान उत्पादकांसाठी हा दर पंधरा टक्क्यांवर आला. भारताच्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलच्या दुकानातील वसुलीच्या अटींबद्दल ९३६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो बराच कमी केला. ही दुकाने जगाची बाजारपेठ घरापर्यंत आणतात, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु कोणता माल पुढच्या फळीवर मांडावयाचा आणि कोणता अडगळीत टाकावयाचा, हेही तेच ठरवितात. अवजार श्रमिकाचे झाले, फाटक मात्र दुसऱ्याचेच राहिले.

गडचिरोलीला हा अनुभव नवा नाही. तेंदूपान तोडणाऱ्याचे हात त्याचेच होते. भाव आणि खरेदीदार मात्र वनखाते व ठेकेदार ठरवीत. वनहक्क कायद्याने मेंढा (लेखा) गावाला सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. पुढे अनेक ग्रामसभांनी एकत्र येऊन तेंदूपानांचा लिलाव स्वतः केला. सर्व काही सुरळीत झाले असे नाही. व्यापाऱ्यांनी पैसे थकविले, हिशेब ठेवण्याचे कसब नव्याने शिकावे लागले. तथापि, एकट्याने फाटक उघडत नाही, गाव मिळून गेला तर उघडते, हा धडा या जिल्ह्याने घालून दिला आहे.

तोच धडा येथे लागू होतो. गूगलच्या दुकानात वैयक्तिक खाते उघडणाऱ्या नव्या उत्पादकाला प्रथम परीक्षक जमवावे लागतात. २०२३ मध्ये वीस माणसांची अट होती. डिसेंबर २०२४ मध्ये ती बारांवर आली. या माणसांनी सलग चौदा दिवस परीक्षेत सहभागी राहिले पाहिजे. मोठ्या शहरातील कंपनीला ही अट जाणवतही नाही. एकट्या तरुणाला ती डोंगराएवढी वाटते. तालुक्याच्या वाचनालयात बारा माणसे जमविणे हे मात्र कार्यकर्त्याच्या डाव्या हाताचे काम आहे. संगणक, वीज, हिशेब आणि वकिलाचा सल्ला सामाईक असलेली उत्पादकांची सहकारी संस्था ही त्याची पुढची पायरी होय.

तिसरा प्रश्न मालाचा. पैसे लावून खेळावयाच्या खेळांनी अनेक घरे धुऊन नेली; ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला त्यांवर बंदीचा कायदा करावा लागला. फुकट म्हणून मिळणारे अनेक खेळ जाहिरातींवर चालतात आणि लहान मुलांचे लक्ष हाच त्यांचा कच्चा माल असतो. सहकारी संस्थेने तेच करावयाचे असेल तर ती नसलेली बरी. याउलट, धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. अशा मुलांना त्यांच्या भाषेत मोजणी, झाडे आणि पक्षी शिकविणारे खेळ मोठा बाजार कधीच करणार नाही, कारण त्यात नफा नाही. तेथे सार्वजनिक पैशातून मागणी निर्माण करावी लागेल. आणि ती मागणी रेटणे हे राजकीय काम आहे.

म्हणून त्या तरुणाला उपदेश करण्यापूर्वी कार्यकर्त्याने त्याच्या घरी जाऊन तीन गोष्टी विचाराव्या. मागील कंत्राटात विम्याची नोंद झाली होती काय? घर सध्या कोणाच्या मिळकतीवर चालते? आणि जे घडविले आहे ते आजवर कोणी पाहिले आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर तेथेच बसून तो खेळ पाहावा आणि उरलेल्या अकरा माणसांची यादी करावयास घ्यावी.