संगणकाची देवडी



भाईंदरला स्टेनलेस स्टीलचीं भांडीं घडविणारे लहान लहान कारखाने पुष्कळ आहेत. अशा एखाद्या कारखान्याचा सारा हिशेब लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांत आहे, आणि ऐन महिनाअखेरीस तो संगणक काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढींच अक्षरें उमटवून थांबला, अशी कल्पना करा. मालक गांगरतो. शेजारचा कोणी सांगतो, ‘डिस्क कोरी करा आणि सर्व नव्यानें भरा.’ हा सल्ला मानण्यापूर्वीं थोडें थांबावें, हेंच मला आज आपणांस सांगावयाचें आहे.

वीज मिळतांच संगणकास लिनक्स कोठें आहे हें ठाऊक नसतें. त्याच्या मुख्य पाटीवरील एक लहानशी कायमची आज्ञावली डिस्कवरील ठराविक जागीं जाते, आणि तेथें जी दुसरी आज्ञावली भेटेल तिच्या हातीं कारभार सोंपविते. या दुसरीस बूटलोडर म्हणतात. वाड्याच्या देवडीवरील पहारेकऱ्याचें जें काम, तेंच हिचें. लिनक्सच्या वाड्यांतील प्रसिद्ध पहारेकरी म्हणजे ‘ग्रब’. एरिक बोलीन यांनीं 1995 सालीं तो रचला. 1999 पासून त्याचा सांभाळ ग्नू प्रकल्पाकडे आहे.

जुन्या पद्धतीच्या संगणकांत या पहारेकऱ्याची जागा डिस्कच्या अगदीं आरंभीं, 512 बाइटांच्या पहिल्या कप्प्यांत असते. त्यांतील 446 बाइट आज्ञांना, 64 बाइट विभागांच्या नोंदीला आणि शेवटचे 2 बाइट ओळखीच्या शिक्क्याला. यूईएफआय या नव्या पद्धतींत त्याच्यासाठीं डिस्कवर एक छोटा विभागच राखून ठेवलेला असतो, व त्याचें नांव मुख्य पाटीच्या स्मृतींत नोंदलेलें असतें. कप्पा पुसला गेला किंवा ती नोंद हरवली, तर संगणक उठत नाहीं. पण देवडी ओस पडली म्हणून वाडा लुटला गेला, असें होत नाहीं. हिशेबाचे कागद बहुधा जागच्या जागींच असतात.

म्हणून लिनक्स भरलेल्या पेनड्राइव्हवरून संगणक उठवावा आणि टर्मिनल उघडून प्रथम केवळ विचारपूस करावी. ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा सर्व डिस्का व त्यांचे विभाग आकारासह दाखविते. ‘ईएफआयबूटएमजीआर’ ही आज्ञा, पुढें कांहीं न जोडतां दिल्यास, पाटीच्या स्मृतींतील पहारेकऱ्यांची यादी वाचून दाखविते. या दोन्ही आज्ञा अशा रीतीनें दिल्या असतां नुसत्या वाचतात. लिहीत कांहींच नाहींत. आपला विभाग दिसला, कीं तो उघडून हिशेबाची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. हें झाल्यावांचून पुढें जाऊं नये.

आतां ‘ग्रब-इन्स्टॉल’. ही आज्ञा लिहिते, आणि ज्या डिस्कचें नांव द्यावें तिच्यावरच लिहिते. जुन्या पद्धतींत नांव संपूर्ण डिस्कचें द्यावयाचें असतें, तिच्या एका विभागाचें नव्हे. पेनड्राइव्हचें नांव चुकून दिलें, तर पहारेकरी भलत्याच दारीं उभा राहतो. यासाठीं नांवाशेजारचा आकार पाहून खात्री करावी. शेवटीं उबुंटूसारख्या प्रणालींत ‘अपडेट-ग्रब’ दिली, कीं आंत कोणकोणत्या प्रणाली आहेत याची यादी नव्यानें तयार होते.

निदान आधीं कां, याचें एक उदाहरण ऑगस्ट 2024 मध्यें घडलें. मायक्रोसॉफ्टच्या एका सुधारणेनंतर, विंडोज व लिनक्स दोन्ही असलेल्या कांहीं संगणकांनीं लिनक्स उठविण्याचें नाकारलें. पहारेकरी जागेवरच होता. त्याचा परवाना मात्र ‘सिक्युअर बूट’च्या नव्या नियमाप्रमाणें जुना ठरला होता. तोच जुना पहारेकरी पुन्हा बसवून उपयोग नव्हता. पडद्यावरील ‘एसबीएटी’ हीं अक्षरें ज्यानें नीट वाचलीं, त्यालाच दोषाचें मूळ कळलें.

लिनक्सचे प्राथमिक पाठ आपल्या भाषेंत हवे असल्यास, पवईच्या आय.आय.टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पानें ते मराठींतही उपलब्ध केले आहेत. कारखान्यांतील एका तरी माणसानें ते ऐकावे, आणि एक पेनड्राइव्ह आजच तयार करून गल्ल्यांत ठेवावा. संगणक अडेल त्या दिवशीं तो तयार करावयास दुसरा संगणक शोधीत फिरावें लागणार नाहीं.