स्वागताध्यक्षीय भाषण : कोळी आणि माळरान



पाथर्डी तालुक्यातील तिसगावी भरलेल्या या परिषदेस आलेल्या सर्वांचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करते. मढी आणि वृद्धेश्वर ही क्षेत्रे ज्या गर्भगिरी डोंगररांगेच्या कुशीत वसली आहेत, तिच्या परिसरातील हा पर्जन्यछायेचा मुलूख असून, कुसळी, मारवेल, बोर, बाभूळ अशा एकाच जागी स्पर्धेने व सोबतीने वाढणाऱ्या वनस्पतींचा समूह, म्हणजेच वनस्पतिसमुदाय, कोळ्यांना वगळून समजत नाही, ही या परिषदेमागील भूमिका आहे.

कोळ्यांच्या वर्गीकरणाची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात काम केलेल्या बी. के. टिकादर यांचा भारतीय कोळ्यांवरील ग्रंथ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला, तर अलीकडे ठाणे-कल्याण परिसरातील एका नव्या उड्या मारणाऱ्या कोळ्याला हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचे नाव देण्यात आले. तथापि नामकरणानंतर वर्तनाचा प्रश्न उरतोच.

कोरड्या प्रदेशातील काटेरी झुडपांवर स्टेगोडायफस सारासिनोरम हा समूहाने राहणारा कोळी वाळकी पाने आणि किड्यांचे अवशेष रेशमाने बांधून सामाईक घरटे करतो. जाळ्यात किडा अडकून धागे थरथरताच अनेक माद्या एकदम धावतात, आणि पिले वाढू लागली की माद्या स्वतःचे शरीरच त्यांना खाद्य म्हणून देतात.

कोळ्यांच्या शिकारीच्या वर्तनाचा परिणाम वनस्पतींपर्यंत पोचतो. अमेरिकेतील कनेक्टिकटच्या कुरणांत ओस्वाल्ड श्मिट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कोळ्यांची मुखांगे चिकटवून त्यांना शिकारीस असमर्थ केले, तरीही नाकतोड्यांनी केवळ धास्तीने गवत खाणे कमी करून इतर वनस्पतींकडे मोर्चा वळवला. श्मिट्झ यांच्याच २००८ मधील निष्कर्षानुसार दबा धरून बसणाऱ्या कोळ्यांमुळे वनस्पतींची विविधता वाढली, तर फिरून शिकार करणाऱ्यांमुळे ती घटली. भक्षकाचा परिणाम अन्नसाखळीत असा वरून खाली उतरतो.

गर्भगिरीच्या माळावरही चराईच्या व चराईबंद जागी ठरावीक मापाच्या चौकटी आखून, कोळी, नाकतोडे आणि गवत यांची नोंद एकाच वहीत व्हावी, आणि ऋतुमानाचे बारकावे जाणणाऱ्या मेंढपाळांना त्या कामात मानाचे स्थान मिळावे, असे आवाहन स्वागत समिती करते. या कामासाठी तिसगावकरांचे सहकार्य निश्चित मिळेल, अशी ग्वाही समिती देते; अध्यक्षांनी परिषदेचे उद्घाटन करावे, ही नम्र विनंती.