कागद नसता दुभाष्याने काय करावे?



पेडणे आणि डिचोली या महालांना दुभाष्याचे महत्त्व सांगावयास नको. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे महाल पोर्तुगीज अंमलाखाली गेले आणि मराठी रयत व पोर्तुगीज कचेरी यांच्यामध्ये दुभाषी उभा राहिला. हाती दिलेला कागद आद्यंत उलगडणे किंवा समोर बसलेल्याच्या प्रत्येक वाक्याला उत्तर मिळवून देणे, ही दुभाष्याची दोन कामे. संगणकातील इंटरप्रिटर हाही दुभाषीच. कागद न देता त्याला बोलाविले, तर त्याने काय गृहीत धरावे?

1987 सालची पर्ल भाषा अशा वेळी निमूट बसते. संपूर्ण आज्ञावली येईल, अशी तिची अपेक्षा असते. जाणत्याला हे मौन कळते. नवख्याला मात्र यंत्र अडकले असे वाटते. 1991 साली गिदो व्हान रॉस्सम यांनी प्रसिद्ध केलेली पायथन भाषा आधी पाहते, की समोर माणूस आहे की दुसरी आज्ञावली. माणूस असेल तर तीन कोनी खुणा दाखवून ती संवाद आरंभिते. '2 + 3' असे लिहून कळ दाबताच 5 हे उत्तर येते. चूक झाली तर तीही तत्काळ कळते आणि पुढची ओळ पुन्हा मोकळी असते.

1984 मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' योजनेत देशातील निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक मिळाले. ते सुरू करताच बेसिक भाषा आज्ञेसाठी सिद्ध असे. पुढे चित्रमय पडदे आले आणि भाषा त्यांच्याआड गेली. गोवा शासनाने 2021 साली 'केअर्स' योजनेद्वारे माध्यमिक शाळांत कोडिंगचे शिक्षण आणले, तेव्हा हा प्रश्न डिचोलीच्या वर्गापर्यंत पोहोचला. 2008 च्या तिसऱ्या आवृत्तीपासून पायथनमध्ये 'बेरीज = 2 + 3' असे देवनागरी नावही चालते. विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न आपल्या लिपीतील नाव घेऊन उभा राहू शकतो.

या संवादाला मर्यादाही आहे. इंटरप्रिटर बंद होताच दिलेली नावे आणि त्यांची मूल्ये पुसली जातात. चालू असता आधीचे विसरलेले मूल्य नव्या ओळीतील चूक झाकू शकते. म्हणून पारखलेले अखेर फाईलमध्ये लिहिलेच पाहिजे. लिहिलेले जपण्याचे मोल ग्रंथालयाच्या सभासदांना कोणी सांगावे? परंतु रिकाम्या हाताने आलेल्या मुलाला दाराशीच उत्तर मिळाले, तर ते लिहिण्यापर्यंत पोहोचण्याचा संभव अधिक.