लग्नाचा अहेर

तामिळ भाषेंत ‘कल्याणम्’ या शब्दाचा अर्थ लग्न असा आहे. मराठी माणसाच्या कानाला तो शब्द आशीर्वादाचा वाटतो. तामिळ माणसाला त्याच शब्दांत नागस्वराचे सूर ऐकूं येतात. ‘परिसु’ म्हणजे भेट. तेव्हां १९५९ सालीं मद्रासेंत निघालेल्या ‘कल्याण परिसु’ या बोलपटाचें नांव मराठींत ‘लग्नाचा अहेर’ असेंच करावें लागेल. हा अहेर कोणीं कोणाला दिला, आणि देणाऱ्याला तो देण्याचा अधिकार होता काय, हा या कथेंतील खरा प्रश्न आहे.

कथा आणि दिग्दर्शन सी. व्ही. श्रीधर यांचें. संवादलेखक म्हणून त्यांचें नांव आधींच झालें होतें, परंतु दिग्दर्शनाचा हा पहिलाच प्रयत्न, आणि वय अवघें पंचवीस. त्या काळच्या तामिळ बोलपटांत शब्दांचा मोठा दरारा असे. १९५२ च्या ‘पराशक्ति’पासून लांबलचक, अनुप्रासयुक्त भाषणांची गोडी प्रेक्षकांना लागली होती, ‘कल्याण परिसु’च्याच सालीं आलेल्या ‘वीरपांडिय कट्टबोम्मन’ मधील वीरश्रीचीं भाषणें लोकांनीं मुखोद्गत केलीं. अशा गडगडाटांत श्रीधरांचीं पात्रें माजघरांत बोलावें तशीं बोलूं लागलीं. राजा नाहीं, तलवार नाहीं, खलपुरुषही नाहीं. एक भाड्याचें घर, दोन बहिणी आणि एक तरुण. लोकांना तें इतकें आवडलें कीं पंचवीस आठवड्यांहून अधिक काळ हा बोलपट चालला.

कथा थोडक्यांत सांगण्याजोगी आहे. भास्कर आणि वसंती हीं एकाच कॉलेजांत शिकणारीं. भास्कर तिला प्रेमपत्र लिहितो. ती रागाच्या भरांत तें प्रिन्सिपॉलांपुढें ठेवते, आणि भास्करचें नांव कॉलेजच्या पटावरून निघतें. एका तरुणाचें शिक्षण आपल्यापायीं बुडालें ही टोंचणी वसंतीला स्वस्थ बसूं देत नाहीं, आणि पश्चात्तापाच्या वाटेनेंच तिच्या मनांत प्रेम शिरतें. पुढें भास्कर तिच्याच घरांत भाडेकरू म्हणून राहावयास येतो. घरांत आई आणि अविवाहित थोरली बहीण गीता. संसाराचा भार हिच्याच शिरावर. भास्कर आजारी पडतो, गीता त्याची शुश्रूषा करते, आणि त्या शुश्रूषेंत तिचें मन गुंततें. धाकटीच्या मनांत काय आहे हें थोरलीला ठाऊक नाहीं. ती मोठ्या विश्वासानें आपलें गुपित उघड करते तें धाकटीपाशींच!

वसंती गप्प राहते. इतकेंच नव्हे, तर भास्करची मनधरणी करून त्याला गीतेशीं लग्न करावयास लावते.

येथवर आलेला प्रेक्षक या त्यागाला मान डोलावतो. थोरलीचें लग्न झाल्यावांचून धाकटीनें बोहल्यावर चढूं नये ही समजूत तामिळ देशांत जितकी जुनी तितकीच महाराष्ट्रांतही. त्यामुळें वसंतीचें वागणें कोणाला समजावून सांगावें लागत नाहीं. एखाद्या सामान्य लेखकानें अक्षता टाकून येथेंच पडदा पाडला असता. श्रीधरांनीं अक्षता पडल्यानंतर काय होतें तें दाखविलें, आणि खरी कथा तेथूनच सुरू होते.

भास्कर नवरा होतो, पण त्याचें मन त्या संसारांत येत नाहीं. गीतेला कारण कळत नाहीं. जिनें इतकीं वर्षें दुसऱ्यांसाठीं खस्ता खाल्ल्या, तिच्या वांट्याला आलेलें एकुलतें एक सुख उसनें होतें, आणि तें उसनें आहे हेंही तिला कोणीं सांगितलें नव्हतें. पुढें वसंती त्यांच्या बिऱ्हाडीं राहावयास येते. नवरा आणि बहीण यांच्यांतील जिव्हाळा पाहून गीतेच्या मनांत संशय शिरतो. ती बहिणीला नको तें बोलते, आणि वसंती घर सोडून निघून जाते. गीतेला दोष देणें सोपें आहे. पण अंधारांत ठेवलेल्या माणसाला दोरी सापासारखी दिसली तर दोष कोणाचा? दान ज्याला द्यावयाचें त्याला निदान विचारावें, एवढी साधी गोष्ट वसंतीच्या उदार मनाला सुचली नाहीं. माणूस ही कांहीं शालजोडी नव्हे, कीं एका खांद्यावरून काढून दुसऱ्या खांद्यावर घालावी. वसंतीची भूमिका बी. सरोजादेवी यांनीं गोड केली आहे, आणि जेमिनी गणेशन यांचा भास्कर शोभूनही दिसतो; तथापि सारा भार पेलला आहे तो गीता झालेल्या विजयकुमारी यांनीं.

इतक्या दुःखांत थोडें हसूंही आहे. के. ए. तंगवेलु यांनीं केलेला मित्र बायकोपुढें नोकरीची बढाई मारतो, ‘भैरवन्’ नांवाचा लेखक तो आपणच असेंही सांगून मोकळा होतो, आणि मग एक थाप झांकावयास दुसरी रचीत बसतो. त्याच्या बायकोचें काम करणाऱ्या एम. सरोजा पुढें खरोखरच तंगवेलूंच्या पत्नी झाल्या. थापा एका घरांत हशा पिकवितात आणि मौन दुसऱ्या घरांत रडूं आणतें, अशी ही जोडणी आहे.

संगीत ए. एम. राजा यांचें. गायक म्हणून ते लोकप्रिय होतेच. तामिळ बोलपटाला संगीत देण्याची ही त्यांची पहिली वेळ. दिवाळीच्या दिवशीं पी. सुशीला यांच्या आवाजांत आनंदानें नाचणारें गाणें पुढें राजा यांच्या आवाजांत व्याकूळ होऊन परत येतें, आणि मधल्या काळांत काय हरवलें तें संवादावांचून कळतें. गीतें पट्टुकोट्टै कल्याणसुंदरम् या कवीचीं. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षीं, हा कवि वारला.

ही कथा मुंबईलाही आली. १९६१ सालीं श्रीधरांनींच ती हिंदींत ‘नजराना’ या नांवानें काढली. राज कपूर भास्करच्या जागीं, वैजयंतीमाला धाकटीच्या जागीं, आणि थोरली झाल्या त्या उषा किरण. मराठी प्रेक्षक त्यांना १९५९ च्या ‘शिकलेली बायको’पासून विशेष ओळखत होता. सोसणाऱ्या स्त्रीचा संयम त्यांच्या चेहऱ्यांतच होता. आणखी एक गंमत अशी कीं, जेमिनी गणेशन या हिंदी बोलपटांत दुसऱ्या नायकाच्या जागीं आले; म्हणजे तामिळमध्यें ज्यांनीं अहेर दिला, त्यांनींच हिंदींत तो स्वीकारला.

मूळ कथेंत तो दुसरा नायक रघु. भूमिका अक्किनेनी नागेश्वरराव यांची. घर सोडलेल्या वसंतीला त्याच्याकडे आश्रय मिळतो. तिकडे गीतेला अखेर सत्य कळतें, पण तोंवर तिचे दिवस भरत आलेले असतात. लहानग्या मुलाला मागें ठेवून ती जग सोडते, आणि जातांना वसंतीचा हात धर असें नवऱ्याला सांगते. दान देण्याची पाळी आतां तिची. भास्कर वसंतीच्या शोधांत मुलाला घेऊन हिंडतो, आणि तिचा ठावठिकाणा लागतो तेव्हां तिचें रघूशीं लग्न लागून गेलेलें असतें. मंडपांत आलेला पाहुणा रिकाम्या हातानें कसा जाणार? जवळ जें होतें तें, म्हणजे गीतेचें मूल, तो वसंतीच्या हवालीं करतो, आणि मंडपाबाहेर पडून एकटाच चालूं लागतो.