सुट्या भागांचे कोठार



आज आम्ही तुमच्याशी कोठाराविषयी बोलणार आहोत. धान्याचे कोठार नव्हे, पंपाच्या सुट्या भागांचे.

पूर्वी लाकडी नांगर मोडला, तर गावचा सुतार तो नीट करी. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीला कारखाना काढला. त्यांचे लोखंडी नांगर गावोगाव गेले. मागून पंप आले. यंत्राचा भाग झिजला की अगदी तसाच दुसरा लागतो. तो आधीच आणून ठेवावा लागतो.

आमच्या वाईजवळच्या एका गावची गोष्ट. ऐन चैत्रात एका शेतकऱ्याचा पंप बंद पडला. एक वायसर गेला होता. कोठारवाले म्हणाले, "शिल्लक नाही." बिचारा साताऱ्याला गेला, तिथून पुण्याला गेला. आठ दिवस ऊस पाण्यावाचून राहिला. पुढे झाडलोट करताना फळीमागच्या डब्यात तसेच सहा वायसर निघाले! काखेत कळसा, गावाला वळसा.

मग आम्ही चारपाच जण कोठारात बसलो. सगळा माल खाली काढला, निवडला, मोजला. एका जातीच्या भागाला एक खण दिला. खणाला नंबर दिला. खणावर एक कार्ड टांगले. त्यावर चार रकाने आखले: तारीख, आले, गेले, शिल्लक. १० आले, ३ गेले, शिल्लक ७. नियम एकच. आधी लिहायचं, मग वस्तू द्यायची.

नवा माल कधी मागवायचा? समजा, महिन्याला ८ वायसर खपतात. माल यायला १५ दिवस लागतात. तेवढ्यात ४ जाणार. अडीअडचणीला आणखी २ ठेवा. म्हणजे शिल्लक ६ वर आली की मागणी धाडायची. हा ६ चा आकडा कार्डावर तांबड्या शाईने लिहायचा.

दर महिन्याला खण मोजावा आणि कार्डाशी ताडून पाहावा. फरक आला तर त्याच दिवशी शोधावा. उद्यावर टाकू नये.

ही कार्डे कोणी लिहिली, ठाऊक आहे? आमच्या साक्षरता वर्गात शिकलेल्या एका बाईंनी. अक्षर थोडे वाकडे होते. पण आकडा एकही चुकला नाही. पुढच्या चैत्रात वायसर मागायला आलेला माणूस रिकाम्या हाताने परत गेला नाही.

तुम्हालाही आता अंक येतात. मग एक कार्ड आजच आखून बघा.