उघड्या मोटारीची उंची

मोटारीचे छप्पर काढले म्हणजे ऊन-वाऱ्याला वाट मिळते, एवढेच पाहणाऱ्याला दिसते. गाडी बांधणारा निराळ्या दृष्टीने पाहतो. छप्पर हे पेटीच्या झाकणासारखे असते. त्याच्या आधाराने चारही कोपरे एकमेकांना धरून राहतात. झाकण काढलेली पेटी हाताने सहज पिळता येते, आणि छप्पर नसलेली गाडीही खड्ड्यातून जाताना तशीच पिळली जाते. म्हणूनच जुन्या उघड्या मोटारीची उंची कमी करावी की नाही, हा प्रश्न केवळ शोभेचा राहत नाही.

१९५९ साली इंग्लंडात ट्रायम्फ कंपनीने हेराल्ड ही गाडी बाजारात आणली. त्याच वर्षी ४ फेब्रुवारीला भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. पुढे १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने हेराल्ड भारतात बनविली. तिला खाली स्वतंत्र सांगाडा होता आणि छप्पर बोल्टांनी बसविलेले होते. त्यामुळे इंग्लंडात तिची उघडी आवृत्ती काढणे सोपे गेले.

भिलाईच्या सेक्टरांतील सरळ, रुंद रस्त्यांवर अशी गाडी चार बोटे खाली बसवून चालवावी, असा मोह रसिकाला होणे स्वाभाविक आहे. त्या मोहाला शास्त्राचा थोडा आधारही आहे. गाडी खाली आली की तिचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर बाहेरच्या चाकांवर येणारा जादा भार कमी होतो. हेराल्डच्या मागच्या चाकांचे अर्धे आस मध्यभागी बिजागरीसारखे हलतात. वेगाच्या वळणावर गाडीची पाठ उचलली जाते, बाहेरचे चाक आत दुमडू लागते आणि गाडी घसरण्याचा धोका निर्माण होतो. पाठ थोडी खाली बसविल्यास ही खोड सौम्य होते.

परंतु प्रत्येक लाभाची किंमत द्यावी लागते. स्प्रिंगला दबण्यासाठी जागा कमी उरते. गतिरोधकावर किंवा पावसाळ्यातील खड्ड्यात ती जागा संपली की धक्का थेट सांगाड्यावर बसतो, आणि तो वाटून घ्यायला वर छप्पर नसते. काही कारागीर गुंडाळी स्प्रिंगची वेटोळी कापून काम भागवितात. आठ कार्यक्षम वेटोळ्यांपैकी दोन कापली, तर स्प्रिंग एक-तृतीयांशाने अधिक ताठ होते. गॅसच्या ज्योतीने कापल्यास पोलादाला दिलेले पाणी उतरते, आणि तेथून ती मोडण्याची भीती राहते. तापवून, बुडवून आणि पुन्हा बेताने तापवून पोलादाला लवचिकपणा येतो, हे पोलादाच्या नगरीला वेगळे सांगावयास नको.

कायद्याचीही एक बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरणाऱ्या बदलांना मनाई करते. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. मात्र सांगाडा, बाह्यांग किंवा इंजिन यांत केलेला फेरफार त्या मान्यतेच्या आड येतो. साठच्या दशकातील हेराल्ड आता पन्नाशी ओलांडून गेल्या आहेत. सांगाडा कापून तिला खाली आणणारा मालक ही मान्यताच गमावून बसेल.

यासाठी करवत हाती घेण्यापूर्वी मोजपट्टी घ्यावी. जुने पाटे वर्षानुवर्षांच्या भाराने आपोआपच बसलेले असतात. पुष्कळ गाड्या वयानेच खाली आलेल्या असतात. आधी मूळ उंची माहितीपुस्तकातून शोधावी, झिजलेली रबरे आणि थकलेले शॉक-अ‍ॅब्सॉर्बर बदलावेत, पाट्यांना त्यांची कमान परत द्यावी. एवढे झाल्यावर गाडी पुष्कळदा अशी चालू लागते, की तिला खाली आणण्याचा विचार मालकाच्या मनातून आपोआप निघून जातो. तरीही तो उरलाच, तर पाट्याखाली ठोकळा बसवून उंची थोडीच कमी करावी. तो ठोकळा उद्या काढता येतो, कापलेले पोलाद मात्र पुन्हा जोडता येत नाही.